दहाच्या आत

“चढताना टेकवायचं, उतरताना टेकवायचं. दोन्ही वेळा, आई. उतरताना विसरलीस तर यंत्राला वाटतं तू अजून आतच बसली आहेस, आणि ते शेवटच्या थांब्यापर्यंतचे पैसे कापून मोकळं होतं.”

लेकीने दिलेल्या बसच्या कार्डाचा एक कोपरा चावलेला होता. थांब्यावर उभ्या उभ्या ती अंगठ्याने तो कोपरा चाचपत होती — बारीक चार खुणा, उंदराने कुरतडल्यासारख्या — आणि तिला हसू येऊ घातलं होतं, कारण लहानपणी पेन्सिली, फूटपट्ट्या, फ्रॉकच्या नाड्या, हाती लागेल ते लेक अशीच चावायची. आणि आता त्रेचाळिसाव्या वर्षी, चष्म्याच्या दुकानात भिंगांच्या कडा घासून घासून बोटांची टोकं गुळगुळीत झाल्यावर, रोज सकाळी याच थांब्यावर उभी राहून ती बसचं कार्ड चावते म्हणजे… म्हणजे काय, कुणास ठाऊक. आईला ठाऊक असायला हवं. आठ दिवस तिच्या खोलीत राहिलो आपण, तिच्या उशीला उशी लावून झोपलो, आणि इथे उभी राहून ती कसला विचार करते हे काही आपल्याला सांगता यायचं नाही.

नऊ वाजायला दहा मिनिटं होती. खांद्यावरच्या पिशवीत लेकीचा टॉवेल, पातळ शाल, घरातल्या चपला, आणि अगदी तळाशी, प्लास्टिकच्या पाकिटात, तिचं स्वतःचं ओळखपत्र. काल संध्याकाळी लेकीला मोठ्या दवाखान्यात दाखल केलं तेव्हा परिचारिकेने दोनदा बजावलं होतं, “सही सकाळीच, डॉक्टरांच्या समोर. नात्याच्या माणसाची. दहाला ते आत जातात. दहाच्या आत सही नसेल तर नाव खाली जातं, आणि खाली गेलं की मग दीड महिना बघायला नको.” पित्ताशयात खडे होते, वाटाण्याएवढे. दीड महिना म्हणजे अजून दीड महिना ते रात्री पोट धरून वाकणं, भिंतीला डोकं लावून बसणं आणि आईला जाग येऊ नये म्हणून तोंडात पदराचा बोळा… आईला जाग असायचीच. तीही मुकाट पडून राहायची. दोघी एकमेकींना फसवत होत्या, आणि दोघींनाही ते कळत होतं.

“रात्री सोबत थांबू देत नाहीत,” लेक म्हणाली होती. “तू घरी जा. सकाळी तुझं सगळं आटोपून ये. मौन सुटतं ना दहाला?” आणि मग हसून, खाटेवरची चादर सारखी करत, “बरं आहे. सही करायला बोलावं लागत नाही.”

हसून म्हणाली. त्यात टोचणारं काही नव्हतंही कदाचित. पण ते वाक्य कुसळासारखं कपड्यात अडकून घरापर्यंत आलं होतं.

“येते,” ती म्हणाली होती. “दहाच्या आत येते. वचन.”

“वचन वगैरे नको देऊस गं. नुसती ये.”

मौन रोजचं होतं. सकाळी डोळे उघडल्यापासून दहा वाजेपर्यंत. एकोणतीस वर्षं झाली. लेक चौदा वर्षांची असताना एकवीस दिवस तापाने फणफणली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते, तेव्हा समईसमोर डोकं ठेवून तिने बोलून टाकलं होतं — हिला उठव, मी रोज सकाळी तुझ्याशिवाय कुणाशी बोलणार नाही. लेक उठली. मग एक दिवसही चुकलं नाही. घरी पाहुणे आले, सासू गेली, यजमान गेले, तरी नाही. यजमान गेले ते सकाळी सात वाजता. बायका म्हणाल्या, रडतसुद्धा नाही बघा. ती रडत होती, फक्त आवाज दहापर्यंत आत कोंडून ठेवला होता. आळीत तिला मान होता त्या मौनाचा. लहान मुलांना सांगायचे, जपून खेळा, त्यांची वेळ आहे.

आणि आज तर चुकवून चालणारच नव्हतं. आजच्या दिवशी…

बस आली. पांढरी, लांबलचक, मधोमध सांधा असलेली. दार सुसकारा टाकून उघडलं. आत कुणी कंडक्टर नसणार हे आता तिला माहीत होतं, तरी पाय आत टाकताना तिची नजर पहिल्यांदा दाराशेजारी गेलीच — जिथे खाकी खांदा, चामड्याची पिशवी आणि कानामागे पेन्सिल असायला हवं तिथे. तिचे यजमान कंडक्टर होते. एकतीस वर्षं एकच मार्ग, गाव ते तालुका. लोक त्यांना ‘काटा’ म्हणत. तराजूचा काटा, इकडे नाही, तिकडे नाही. आणि ती काट्याची बायको. घरच्या माणसाच्या पासावर पुढच्या पहिल्या बाकावर बसायची, पुढच्या दाराने उतरायची, तिकीट म्हणून कधी हातात धरलं नाही. जन्मात धरलं नाही. माहेरी असताना वडलांनी काढलं असेल तेवढंच.

तिने कार्ड यंत्राला टेकवलं. तांबडा दिवा लागला, आणि यंत्र एखाद्या खोडकर पोरासारखं तीनदा ओरडलं.

“शिल्लक नाही, मावशी,” काचेमागून ड्रायव्हर म्हणाला. तरुण होता, दाढी राखलेला. “पुन्हा टेकवा बरं. सपाट धरा.”

तांबडा.

आणि तेव्हा तिला काल संध्याकाळ आठवली. दवाखान्यातून परतताना ती पुढच्या दाराने उतरली होती. एकतीस वर्षांच्या सवयीने, पिशवी सावरत, कुणाकडे न बघता, काट्याची बायको उतरते तशी. कार्ड पदराच्या गाठीत होतं. ते यंत्राला दाखवायचं राहून गेलं. झोपायच्या आधी समई शांत करताना ते लक्षात आलं होतं, पण तिने मनाशी म्हटलं होतं, असेल की थोडं शिल्लक. लेकीचं आहे, ती काय रिकामं कार्ड देईल?

“दुसरं आहे का?”

तिने मान हलवली. पाकिटातून नोट काढून पुढे केली.

“नोटा घेत नाही आम्ही. पेटीच काढून टाकलीय. त्या पलीकडच्या दुकानात भरून मिळतं, पण ते उघडतं साडेनवाला.”

“अहो, चढायचं तर चढा,” मागून एक पुरुषी आवाज आला, “नाहीतर वाट द्या. आम्हालाही पोटं आहेत.”

“त्यांना बोलता येत नाही वाटतं,” एक बाई हळूच म्हणाली.

बोलता येत होतं. माझी लेक दवाखान्यात आहे, एवढंच म्हणायचं होतं. ड्रायव्हरचा चेहरा मऊ होता, एवढ्याने तो विरघळला असता. वाक्य जिभेच्या मुळाशी येऊन उभंही राहिलं. आणि तिने दात आवळले. आज नाही. आज नेमकी सुरी चालायची, आणि मी आज तोडू? ज्याच्या भरवशावर ती चौदाव्या वर्षी उठली त्यालाच आज…

“उतरावं लागेल, मावशी. माझ्या हातात नाही हो.”

त्याचा हात दाराच्या बटणावर होता. पण तो दाबत नव्हता. डोक्यावरच्या मोठ्या आरशात बघत होता — आत, बसलेल्या माणसांकडे. तिच्याकडे नाही. एक श्वास गेला. दुसरा गेला. कुणी आपलं कार्ड पुढे केलं नाही. तिसऱ्या श्वासाला ती मागे वळून खाली उतरली आणि दार मिटलं.

फुटपाथवरून तिने वर पाहिलं. पहिल्या बाकावर तिच्याच वयाची एक बाई होती, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. दोघींची नजरानजर झाली. मग त्या बाईने मान वळवून समोर पाहायला सुरुवात केली, जणू समोर काही तरी महत्त्वाचं होतं. वाईट नव्हती ती बाई. चांगल्या घरातली दिसत होती. कपाळ स्वच्छ, चेहऱ्यावर सकाळची शांती. बस हलली.

हा चेहरा मी पाहिलाय… नाही. हा चेहरा मी कधीच पाहिलेला नाही. हा चेहरा माझ्या लेकीने पाहिलाय.

सव्वीस वर्षांपूर्वी सकाळी सव्वाआठच्या बसमध्ये ती अशीच पहिल्या बाकावर बसली होती. तालुक्याच्या देवळात जायचं होतं. लेक सतरा वर्षांची, शिक्षिकेच्या प्रशिक्षणाची प्रवेशपरीक्षा, साडेनवाला. रात्री एक वाजेपर्यंत अभ्यास करून लेकीने सकाळी दप्तर बदललं, नवं घेतलं, आणि पास राहिला जुन्यात. बस गावातल्या शेवटच्या थांब्याला आली तेव्हा यजमान पास बघत बघत पुढे आले.

“पास?”

लेक दप्तर उपसत होती. “बाबा, घरी राहिला वाटतं.”

“मग तिकीट.”

“पैसे नाहीत आणले. बाबा, परीक्षा आहे.”

मागे कुणी तरी खाकरलं. कुणी म्हणालं, “काटा काय करतो बघू आता.” त्या महिन्यात तपासनीस फार फिरत होते, एका कंडक्टरची नोकरी गेली होती, आणि स्वतःच्या खिशातून द्यावेत तर कामावर असताना कंडक्टरच्या खिशातली चिल्लरही लिहून ठेवलेली असते, वर-खाली झाली तर चोर ठरतो. हे सगळं तिला ठाऊक होतं. नवऱ्याचा नाइलाज तिला पुरता ठाऊक होता. तिच्या रुमालाच्या गाठीत देवापुढे ठेवायचे पैसे होते, तिकिटाच्या चौपट. पण वाजले होते साडेआठ. ओठ मिटलेले. आतल्या आत नामाची माळ चाललेली. लेकीने एकदाच तिच्याकडे पाहिलं, “आई” असंही म्हणाली नाही, आईची वेळ आहे हे तिला तीन वर्षांत पक्कं शिकवलेलं होतं. आणि आईने काय केलं, तर समोर पाहिलं. घंटी वाजली. लेक उतरली. घरी पळत जाऊन पास घेऊन आली तेव्हा पुढची बस दहाची.

एक वर्ष गेलं, आणि ते वर्ष आपल्यामागून बाकीचीही घेऊन गेलं. दुसऱ्या वर्षी लेक परीक्षेला बसलीच नाही. “नको आई, त्यात काय एवढं,” म्हणाली आणि शहरात निघून आली. भांडली नाही, रुसली नाही, नेमाने खुशाली कळवत राहिली. महिन्यापूर्वी फोनवर म्हणाली, “ऑपरेशन आहे. सहीला नात्याचं कुणी तरी हवं. मावसबहिणीला विचारलं, मग चुलत वहिनीला, त्यांना जमत नाहीये. तुला जमेल का गं?” परक्या बाईला विचारावं तसं. तिसरी.

गेले आठ दिवस ती एक वाक्य जुळवत होती. मौन होतं गं, म्हणून. रोज रात्री ठरवायची, आज बोलू. लेक दमून यायची, पोट धरून निजायची, राहून जायचं. आणि खरं सांगायचं तर ते वाक्य तिला फार जड कधी वाटलं नव्हतं. दुःख होतं, पण त्या दुःखाला एक देव्हारा होता. देवासाठी केलं, देवाने बघितलंय, अशी ती आपली पाठ थोपटून घ्यायची. लेक कधी तरी समजेल असंही…

घंटी. घंटी केव्हा वाजली?

ती फुटपाथवर, कचऱ्याच्या डब्याशेजारी, रिकामं कार्ड हातात धरून उभी होती आणि तिला अचानक ती दोरी दिसली — बसच्या छताखालून गेलेली, हातांनी काळी पडलेली दोरी — आणि दोरीवरचा नवऱ्याचा हात. तो हात दोरी धरून थांबला होता. ओढत नव्हता. सव्वीस वर्षांत हे तिला कधी आठवलं नव्हतं, पण तो थांबला होता, अगदी आताच्या या दाढीवाल्या पोराचा हात बटणावर थांबला तसा. एक श्वास. दोन श्वास. ज्या माणसाने एकतीस वर्षांत घंटीला कधी उशीर केला नाही, तो त्या दिवशी दोरी धरून उभा होता, आणि लेकीकडे बघत नव्हता, तपासनिसाच्या धास्तीने रस्त्याकडेही बघत नव्हता. तो पहिल्या बाकाकडे बघत होता.

माझी वाट बघत होते ते.

काही बोलावं म्हणून नव्हे. माझं मौन त्यांच्याइतकं कुणी सांभाळलं नाही. सकाळचा चहासुद्धा खुणेने मागायचे. त्यांना हवा होता नुसता हात, गाठ सोडून पुढे केलेला. त्याला कुठे शब्द लागतो? नाहीतर उठायचं आणि पोरीच्या मागोमाग उतरायचं. तिच्याबरोबर घरापर्यंत चालत जायचं, ती रडली असती तर तिचं दप्तर धरायचं. व्रत जिभेचं होतं. हातापायांना कुणी बांधलं होतं?

त्या दिवशी घरी आल्यावर ते जेवले नाहीत. तिला वाटलं होतं, पोरीला उतरवल्याचं दुःख आहे. तिने दहानंतरचं आपलं बोलणं बोलून त्यांची समजूत काढली होती — नियम तो नियम, तुम्ही तरी काय करणार? आणि ते तिच्याकडे बघत राहिले होते, कितीतरी वेळ, आणि मग म्हणाले होते, “हो. तू तरी काय करणार?” तिला ती क्षमा वाटली होती. तिने ती घेऊन जपून ठेवली होती, इतकी वर्षं.

शेजारी किल्ल्या करून देणाऱ्याचं दुकान होतं. माणूस शटर वर ढकलत होता. आत भिंतभर किल्ल्या टांगलेल्या. दुकानातल्या घड्याळात नऊ वाजून बारा मिनिटं झाली होती.

“भाऊ,” ती म्हणाली.

आवाज घोगरा आला, झोपेतून उठल्यासारखा. तिला वाटलं होतं, आकाश कोसळेल. रस्त्यावरून एक दुधाची गाडी गेली.

“भाऊ, दवाखान्यात जायचंय. रस्ता कसा आहे?”

“कुठला? मोठा की दातांचा?”

“मोठा.”

“बसनं जा की. ही आत्ता गेली.”

“कार्डात पैसे नाहीत. टॅक्सी मिळेल का?”

“मिळेल, पण बसून राहाल. या वेळेला पूल म्हणजे मुंग्यांची रांग असते. ती बससुद्धा आत्ता तिथेच जाऊन उभी राहील बघा.” त्याने तिच्या पायांकडे पाहिलं, चपला पाहिल्या, पिशवी पाहिली. “चालत गेलात पुलाखालून, तर चाळीस मिनिटं. तुमच्या चालीनं पंचेचाळीस धरा.”

“दहाच्या आत पोचायचंय. मुलीचं ऑपरेशन आहे. सही माझी लागते.”

हे सगळं ती बोलली. एकामागून एक, तीन वाक्यं. बसच्या दारात त्यातलं एकही निघालं नव्हतं.

किल्लीवाल्याने हातातलं कुलूप खाली ठेवलं. “मग माझ्याशी बोलत काय उभ्या? सरळ जा. पाण्याची उंच टाकी लागली की डाव्या हाताला पुलाखालचा रस्ता. तिथे शाळेची भिंत आहे, ती धरून चालत राहा, सोडू नका. भिंत संपली की समोर दवाखान्याचं मागचं फाटक. पुढच्या फाटकाला जाऊ नका, तिथे फेरा पडतो. आणि पाणी प्या आधी.”

“नको.”

“तोंड सुकलंय तुमचं.”

तिने घोटभर घेतलं. दहाच्या आधी ती पाणीही घेत नसे… तेही गेलं. गेलं तर गेलं. आतून काही तरी तिला सारखं विचारत होतं की आता तिचं काय होईल, तुझ्या तोडण्याचं तिच्यावर काही आलं तर. आणि एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा तिला या प्रश्नाचा आवाज देवाचा वाटला नाही. तो तिच्या स्वतःच्या भित्र्या आवाजासारखा होता. देव असलाच या गल्लीत तर तो गप्प होता, आणि त्याच्या गप्प राहण्यात राग आहे की नुसतं बघणं, हे तिला ओळखता येईना.

लेकीला काय सांगणार? ते जुळवलेलं वाक्य आता उपयोगाचं राहिलं नव्हतं. बाबा थांबले होते गं, हे सांगायचं? सांगितलं तर बाबा सुटतील, आणि पोरीच्या मनातली ती बस पुन्हा एकदा उभी राहील, या वेळी पहिल्या बाकासमोर. लेक म्हणेल, त्यात काय एवढं. किंवा नाही म्हणणार. आज सुरीखाली जाणाऱ्या माणसाला सांगू नये ते, उद्या सांगावं, उद्या उद्या करत सव्वीस वर्षं… की तिला ते ठाऊकच आहे? तिने बाबांचा हात पाहिला असेल. ती उभी होती, तिला सगळं दिसत होतं. न दिसलेली मी एकटी.

हा विचार आला आणि तिने पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली, साडीच्या निऱ्या हाताने वर धरल्या — आळीत कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, ह्या बाई आणि अशा? — आणि ती रस्त्याच्या कडेने चालू लागली, आधी हळू, मग भराभर. समोर, घरांच्या वर, पाण्याच्या टाकीचं गोल डोकं दिसत होतं. अजून बरंच लांब होतं.